घर घेण्याआधी वस्तीची सुरक्षितता कशी पारखावी

विकायचं घर बहुधा सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास दाखवलं जातं. ऊन पडलेलं असतं, रस्ता मोकळा असतो, खिडक्या उघडून ठेवलेल्या असतात. तुमचं कुटुंब मात्र तिथे रात्री अकरालाही असणार, मुसळधार पावसातही असणार आणि शाळा सुटतानाच्या गर्दीतही. वस्ती सुरक्षित आहे का, याचं उत्तर या न दाखवलेल्या तासांत असतं. ते तास आपणच जाऊन पाहायचे असतात. त्यासाठी इसार देण्याआधी किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. विकणारा घाई करत असेल तर ही पाहणी अधिकच गरजेची.

सुरुवात आपल्याच घरातून

वस्तीकडे पाहण्याआधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचा आठवडा लिहून काढा. कोण किती वाजता बाहेर पडतं, कुठे जातं, कशाने जातं, परत कधी येतं. मुलगी शिकवणीहून आठला चालत येते, आजोबा पहाटे साडेपाचला फिरायला निघतात, कुणाची पाळी रात्री बाराला संपते, धाकट्याला सायकलवर शाळेत जायचंय. हे लिहिल्यावर लक्षात येतं की ‘सुरक्षित परिसर’ असं काही एकसंध नसतं. आजोबांचा धोका फुटपाथच्या फुटलेल्या फरशीत असतो, मुलीचा बसथांब्यापासून घरापर्यंतच्या दोनशे मीटरमध्ये, धाकट्याचा शाळेसमोरच्या चौकात.

बहुतेक जण घर बघताना चोरांचा विचार सगळ्यात आधी करतात. आकडे वेगळं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं दगावतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. लहान मुलं असलेल्या कुटुंबानं दाराच्या कुलपापेक्षा दारासमोरच्या रस्त्यावर जास्त वेळ घालवला तर ते योग्यच आहे.

गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे

पोलिसांचे आकडे किंवा गुन्ह्यांचे नकाशे उपलब्ध असतील तर ते पाहाच, पण ‘या भागात गुन्हे जास्त’ एवढ्यावर थांबू नका. लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पोलिसांना येणाऱ्या फोनचा अभ्यास केला, तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. शहरातल्या जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन येत होते. पुढे इतर शहरांतही हेच दिसलं: गुन्हे सबंध परिसरात सारखे पसरलेले नसतात, ते ठरावीक कोपऱ्यांवर, ठरावीक इमारतींपाशी साचतात. बदनाम भागात शांत गल्ल्या असतात आणि नावाजलेल्या भागात एखादा वाईट कोपरा असतो. म्हणून विचारायचं ते घराभोवतीच्या शे-दोनशे मीटरबद्दल आणि तुमच्या रोजच्या वाटांबद्दल.

आकडे वाचताना हमखास होणाऱ्या काही चुका आहेत. पहिली, दर लोकसंख्येच्या हिशोबात पाहणं. जिथे मोठा बाजार, स्थानक किंवा रुग्णालय आहे तिथे दिवसा हजारो बाहेरची माणसं येतात. खिसेकापूपणा, वाहनचोरी, भांडणं त्यांच्यामुळे वाढतात, पण भागाकार होतो तो तिथे राहणाऱ्या थोड्या माणसांनी. दर अवाच्या सवा दिसतो. उलट, एखाद्या सामसूम वसाहतीत आकडा कमी दिसतो, कारण तिथे अजून राहायलाच कोणी आलेलं नाही.

दुसरी चूक, लहान आकड्यांची टक्केवारी. गेल्या वर्षी दोन घरफोड्या, यंदा चार. लगेच ‘दुप्पट वाढ’. चार या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तीन ते पाच वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा आणि प्रकार वेगळे करा: घरफोडी, वाटेतली हिसकाहिसकी, वाहनचोरी, मारहाण, स्त्रियांची छेडछाड. गाडीची काच फोडणं आणि घरात शिरणं यांची बेरीज करून काही कळत नाही. शिवाय छेडछाड आणि घरातली मारहाण यांची नोंद सगळीकडेच कमी होते, तेव्हा आकडा शून्य आहे म्हणून प्रकार शून्य असं धरू नका. बऱ्याच सार्वजनिक नकाशांत गोपनीयतेसाठी गुन्ह्याची खूण नेमक्या घरावर न टाकता जवळच्या चौकात किंवा रस्त्याच्या मध्यावर टाकलेली असते, हेही ध्यानात असू द्या.

एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा: इथली शेवटची घरफोडी कधी झाली? घरफोडीचं वैशिष्ट्य असं की एक झाली की त्याच घरात आणि आजूबाजूच्या घरांत पुढचे काही आठवडे दुसरी होण्याची शक्यता वाढते आणि मग हळूहळू पूर्वपदावर येते. चोराला वाट, वेळ आणि कुलूप माहीत झालेलं असतं. दोन वर्षांपूर्वीची एकच घटना आणि गेल्या महिन्यातल्या शेजारशेजारच्या दोन घटना, यांचा अर्थ पूर्ण वेगळा.

पाच खेपा, पाच वेगवेगळ्या वेळा

एका भेटीत वस्ती कळत नाही. कामाच्या दिवशी सकाळी शाळा भरताना जा. दुपारी दोन-तीनला, गल्ली सर्वांत ओस असते तेव्हा जा. संध्याकाळी माणसं परततात तेव्हा, रात्री दहा-अकराला, आणि एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री. जमलं तर सहावी खेप जोरदार पाऊस चालू असताना. दलालाला सोबत घेऊ नका आणि गाडीतून फेरी मारून परत येऊ नका. सर्वांत जवळच्या थांब्यावर उतरा आणि घरापर्यंत चालत या, ज्या वाटेनं घरातलं माणूस रोज येणार आहे त्याच वाटेनं.

चालताना पाहायचं काय? वाटेकडे तोंड करून असलेल्या खिडक्या, गच्च्या, उघडी दुकानं. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली मांडलेली गोष्ट आजही खरी आहे: रस्त्यावर आपसूक नजर ठेवणारी माणसं असली की तो रस्ता सांभाळला जातो. दोन्ही बाजूंना उंच, सलग कुंपणभिंती असलेली श्रीमंत गल्ली दिसायला देखणी असते, पण तिथे हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं. दोनशे मीटरच्या वाटेत किती मीटरवर कोणाची नजर पडत नाही, ते पावलांनी मोजा. एका प्रौढ माणसाचं साधं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास असतं.

झाडाझुडपांसाठी सोपा ठोकताळा आहे: झुडपं एक मीटरपेक्षा उंच नकोत आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या खाली लोंबत नकोत. मधल्या पट्ट्यात नजर आरपार जायला हवी. अर्धवट बांधकामं, पडीक जागा, भुयारी पादचारी मार्ग, दोन भिंतींमधली अरुंद बोळ, जिथून पुढचं दिसत नाही असं वळण, यांची कागदावर खूण करा. या जागी पोहोचल्यावर पाहा की टाळायला दुसरी वाट आहे का. एकमेव वाट तिथूनच जात असेल तर तो मोठा दोष धरा.

रात्रीच्या उजेडाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की दिवा जितका प्रखर तितकं बरं. डोळे दिपवणाऱ्या एका दिव्यानंतर पन्नास मीटर काळोख असेल तर त्या काळोखात काहीच दिसत नाही, कारण डोळे उजेडाला सरावलेले असतात. उजेड मध्यम पण सलग हवा. परीक्षा सोपी: सोबतच्या माणसाला चार मीटरवर उभं करा. चेहऱ्यावरचा भाव दिसतो का, हातात काय आहे ते कळतं का? दोन खांबांच्या बरोबर मध्ये हीच परीक्षा पुन्हा करा. खांब मोजताना बंद किती आहेत तेही मोजा आणि दोन आठवड्यांनी परत जाऊन पाहा. दिवे बंद पडणारच. दुरुस्त किती दिवसांत होतात त्यावरून त्या वस्तीची तक्रार कोणी ऐकतं का ते कळतं. कचरा, उघडं गटार, मोडकं झाकण यांनाही हाच नियम लावा. एक दिवसाची घाण काही सांगत नाही, पंधरा दिवस तिथेच असलेली घाण बरंच सांगते.

नव्या वसाहतीत रात्री साडेआठ-नऊला उभं राहून किती घरांत उजेड आहे ते मोजा. शंभरातली वीसच घरं उजळलेली असतील तर तुम्ही ऐंशी रिकाम्या घरांच्या शेजारी राहायला जाताय. लिफ्टमध्ये, जिन्यात, वाहनतळावर माणूस भेटणार नाही. अशी जागा पुढे भरेलही, पण ती भरेपर्यंतची दोन-तीन वर्षं तुमची आहेत.

भीती आणि धोका यांत गल्लत

इथे थोडं थांबायला हवं. अनोळखी वस्तीत गेल्यावर छातीत धस्स होतं, पण ते दर वेळी धोक्यामुळेच होतं असं नाही. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडनबुश यांनी शिकागोत केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावरची प्रत्यक्ष अव्यवस्था त्यांनी स्वतंत्रपणे मोजली आणि रहिवाशांना ती किती जाणवते तेही विचारलं. जिथे कृष्णवर्णीय आणि गरीब लोक जास्त होते तिथे, प्रत्यक्षातली अव्यवस्था तेवढीच असतानाही, लोकांना ती जास्त भासत होती. गोरे आणि कृष्णवर्णीय, दोघांनाही. हा आपल्या डोळ्यांचा दोष आहे आणि तो आपल्यातही असतो. कपडे, भाषा, धर्म, घरांची अवस्था यांवरून लोकांना धोकादायक ठरवणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय त्यामुळे पारखही चुकते: गरीब पण भरलेली, एकमेकांना ओळखणारी गल्ली नाकारली जाते आणि चकचकीत पण निर्मनुष्य रस्ता निवडला जातो. म्हणून वहीत ‘माणसं कशीतरीच वाटली’ असं न लिहिता काय पाहिलं तेवढंच लिहा: किती दिवे बंद, किती दारं तुटलेली, कोणी कोणाला काय म्हटलं.

रस्त्यावरचा वेग स्वतः मोजा

वाहनांचा वेग डोळ्यांनी अदमासायला जाऊ नका, चूक होते. घरासमोरच्या रस्त्यावर ५० मीटरचं अंतर धरा. मोजपट्टी नसेल तर नेहमीच्या चालीनं ६७ पावलं. दोन्ही टोकांना खांब, झाड अशा ठळक खुणा निवडा आणि मोबाइलच्या घड्याळावर एकेक वाहन किती सेकंदांत हे अंतर कापतं ते नोंदवा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. मोकळ्या रस्त्यावरची वीस वाहनं मोजा. कोंडीत मोजलेला वेग उपयोगाचा नाही. वीस नोंदी क्रमानं लावून सर्वांत वेगवान तीन सोडून द्या. चौथ्या वाहनाचा वेग हा त्या रस्त्याचा खरा वेग धरा. वाहतूक अभियंतेही असंच करतात: शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगाच्या आत असतात तो वेग ते विचारात घेतात.

वेगाच्या मर्यादेची पाटी काय म्हणते याला महत्त्व कमी. ताशी ३० वेगातली गाडी, चालकाला भान यायला लागणारा एक सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५०ला हेच अंतर सुमारे २८ मीटर होतं. म्हणजे चेंडूमागे धावत मूल १३ मीटरवर आलं तर पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबते आणि दुसरीच्या चालकाचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो. रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत असेल तर वेग वाढणारच. अरुंदपणा, वळण, गतिरोधक, रस्ता ओलांडायला उंचावलेला पादचारी पट्टा यांनी तो घटतो. जवळचा मोठा रस्ता तुंबला की वाहनं तुमच्या गल्लीतून आडवाट काढतात का, ते सकाळच्या भेटीत दिसेल. नकाशाची ॲप अशा वाटा सुचवतात, म्हणून त्या वेळी ॲपमध्ये दोन लांबची ठिकाणं टाकून पाहा, वाट तुमच्या गल्लीतून जाते का.

शाळेची वाट मुलासोबत प्रत्यक्ष चालून पाहा. रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात? लहान मुलं आणि वृद्ध सेकंदाला साधारण एक मीटर चालतात असं धरा. १४ मीटर रुंद रस्त्याला १४ सेकंद हिरवा दिवा हवा, किंवा मध्ये थांबायला दुभाजकात सुरक्षित जागा हवी. फुटपाथ कागदावर असतो आणि जागेवर त्यावर गाड्या उभ्या असतात. मूल किती ठिकाणी रस्त्यावर उतरलं ते मोजा. उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर येणारं मूल चालकाला दिसत नाही, मुलाची उंचीच बॉनेटएवढी असते.

पाणी, उतार, आग

इथे वस्तीची माणसं कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण जागाच चुकीची असते. आधी पूररेषेचा नकाशा आणि विकास आराखडा मिळवा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात ती सुमारे १८ टक्के होते, तीस वर्षांत २६ टक्के. आणि नकाशा काढल्यानंतर वरच्या बाजूला काँक्रीट झालं असेल, नाला अरुंद केला असेल तर ती शक्यताही जुनी झाली. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं पाहता येतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे तळं, पाणथळ जागा, नाल्याचं पात्र किंवा भराव होता का, ते पाहा.

जागेवरच्या खुणा नकाशाहून बोलक्या असतात. शेजारच्या जुन्या घरांचे विजेचे मीटर छातीच्या वर बसवलेत का? उंबऱ्यापुढे नंतर घातलेली पायरी आहे का? दुकानदारानं खालची फळी रिकामी ठेवलीय का? भिंतीला ठरावीक उंचीपर्यंतच नवा रंग, त्याच्या वर जुना, किंवा खालच्या भागात लोणा लागलेला. नाल्याकाठच्या फांद्यांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. त्या चिंध्यांची उंची म्हणजे पाण्याची उंची. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकतात, ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगू लागते, ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. घर उंचावर असलं तरी बाहेर पडायचा रस्ता खोलगट असेल तर तुम्ही अडकणार. तळघरातला वाहनतळ असेल तर पंप कुठे आहे, वीज गेल्यावर तो कशावर चालतो, हे विचारा.

उतारावरच्या घराला पायथ्यापासून पाहा. पायाशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडं, कललेले खांब, पोट बाहेर आलेली संरक्षक भिंत, जमिनीतल्या अर्धगोलाकार भेगा, अचानक घट्ट बसू लागलेली दारं, ही माती सरकत असल्याची लक्षणं. संरक्षक भिंतीत पाणी जायला भोकं असतात. ती बुजलेली असतील तर पावसात मागं पाणी साठून भिंतीवर दाब येतो. अशी शंका आली तर माती आणि उतार तपासणाऱ्या अभियंत्याला (भूतंत्रज्ञाला) पैसे देऊन बोलवा, अंदाजावर जाऊ नका.

आगीसाठी रात्रीच जा. अग्निशमन गाडी सुमारे अडीच मीटर रुंद असते, पण दारं उघडून माणसांनी नळ्या ओढायच्या तर साडेतीन-चार मीटर मोकळी जागा लागते आणि शिडीच्या गाडीला आधाराचे पाय पसरायला त्याहून जास्त. दिवसा सहा मीटरचा रस्ता रात्री दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी अडीच मीटर उरतो. वळणावर, कमानीखाली, लोंबत्या तारांखाली हेच पाहा. जवळ गॅसचं गोदाम, इंधनाचा साठा, रसायनांचा कारखाना असेल तर अंतर मोजाच, पण वारा बहुतांश वर्ष कुठून कुठे वाहतो तेही विचारा आणि धोक्याचा भोंगा वाजला तर कुठे जायचं हे शेजाऱ्यांना माहीत आहे का ते पाहा. वर्दळीच्या महामार्गालगत धुराचं प्रमाण पहिल्या १५० मीटरमध्ये सर्वाधिक असतं. दमा असलेलं मूल असेल तर त्या पट्ट्यातलं घर घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

मदत किती मिनिटांत

हृदय अचानक बंद पडल्यावर छातीदाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे ‘रुग्णालय चार किलोमीटरवर’ हे उत्तर अपुरं आहे. संध्याकाळच्या गर्दीत घरापासून चोवीस तास आकस्मिक विभाग चालू असलेल्या रुग्णालयापर्यंत स्वतः जा आणि मिनिटं लिहा. वाटेत रेल्वेचं फाटक, एकच पूल, एकच चौक आहे का? इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं जातं का, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का? पत्ता फोनवर तीस सेकंदांत सांगता येईल असा आहे का, की ‘तिथून डावीकडे, मग विचारा’ असा? घरांचे क्रमांक रस्त्यावरून रात्री दिसत नसतील तर रुग्णवाहिका गल्लीत फिरत बसते.

शेजाऱ्यांशी बोलणं

‘इथे सुरक्षित आहे ना?’ असं विचारलं की ‘हो हो, काही प्रश्न नाही’ असंच उत्तर येतं. स्वतःच्या वस्तीला कोण नावं ठेवील? शिवाय तिथे ज्यांना घर विकायचं आहे ते तर मुळीच नाही. प्रश्न घटनेबद्दल विचारा. शिकागोतच १९९५ साली ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना काही साधे प्रश्न विचारले गेले: मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारी काही करतील का? कोणी भिंती रंगवून विद्रूप करत असेल तर? घरासमोर मारामारी झाली तर? जिथे ‘हो, करतील’ असं उत्तर जास्त आलं आणि लोकांचा एकमेकांवर विश्वास होता, तिथे हिंसा कमी आढळली. गरिबी हिशोबात घेतल्यावरही हा फरक उरला. हेच प्रश्न तुम्ही वापरा. त्यांत आणखी काही घाला: रात्री तुम्ही थांब्यावरून चालत येता का? मुलांना कितव्या वर्षी एकटं खाली पाठवायला लागलात? शेवटचा गंभीर प्रकार कोणता झाला आणि मग कोणी काय केलं? गेल्या वर्षात कोण घर सोडून गेलं आणि का? पावसात किती वेळा अडकलात?

किमान सहा जणांना विचारा आणि त्यांत फरक असू द्या: एखादी तरुण नोकरदार बाई, एखादे आजोबा, भाड्यानं राहणारं कुटुंब, शाळकरी मुलगा, कोपऱ्यावरचा दुकानदार, रात्रपाळीचा पहारेकरी. भाडेकरू बहुतेक वेळा सर्वांत मोकळं बोलतात, कारण त्यांना घराच्या किमतीची काळजी नसते. बाया आणि पुरुष यांची उत्तरं वेगळी आली तर बायांची धरा. छेडछाडीचा कोपरा पुरुषांना अनेकदा माहीतच नसतो. तीन जणांनी एकमेकांना न विचारता एकाच जागेचं नाव घेतलं, तर ती जागा नक्की.

फाटक, पहारा, कॅमेरे

फाटक आणि पहारेकरी पाहून लोक निर्धास्त होतात. एकदा न सांगता जा आणि सरळ आत चालू लागा. कोणी अडवलं नाही, तर पहारा कसा आहे ते कळलंच. मागचं फाटक, वाहनतळाचा उतार, शेजारच्या गच्चीवरून येणारी वाट पाहा. पुढे तिघं पहारेकरी आणि मागचं दार विटेनं अडवून उघडं ठेवलेलं, हे अगदी नेहमीचं दृश्य आहे. कॅमेऱ्याबाबत विचारा: नोंद किती दिवस राहते, ती पाहायचा अधिकार कोणाला, शेवटची कधी उपयोगी पडली. दिव्याकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात रात्री माणसाची नुसती काळी आकृती येते. आणि एक लक्षात असू द्या, मुलांवरचे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच व्यक्तीकडून होतात. फाटक त्याला आडवं येत नाही. मुलाशी असलेलं मोकळं बोलणंच कामी येतं.

घराच्या दाराचं म्हणाल तर चौकट आणि कुलूप बदलता येतं. तळमजल्याच्या मागच्या खिडक्या, पाइप धरून चढता येणारी बाल्कनी आणि शेजाऱ्याला न दिसणारं दार, एवढं पाहून ठेवा.

शेवटी निर्णय

वहीतल्या नोंदी दोन रकान्यांत मांडा. पहिल्यात पैसे किंवा प्रयत्न लावून सुधारता येतील अशा गोष्टी: दिवे, कुलपं, झुडपं, गतिरोधक, कॅमेऱ्याची दिशा. दुसऱ्यात तुमच्या हातात नसलेल्या: पूर, सरकता उतार, घातक कारखाना, घरासमोरचा वेगवान रस्ता, थांब्यापासूनची एकमेव ओसाड वाट. पहिल्या रकान्यावर किंमत कमी करून मागा. दुसऱ्या रकान्यात पूर किंवा उतार असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते घर सोडा. इतर बाबी घरातल्या माणसांच्या आठवड्याशी ताडून पाहा. एकट्यानं चालत येणारं कोणी नसेल तर ओसाड वाट तितकीशी अडत नाही, पण मूल दहा वर्षांचं असेल तर आणखी पाच वर्षांनी ते त्याच वाटेनं एकटं येणार आहे.

घरात एकमत झालं नाही तर मतं मोजू नका. त्या वाटेवरून अंधारात जिला रोज यायचं आहे, तिला कागदावर सही होण्याआधी एकदा रात्री तिथून चालून येऊ द्या, तुम्ही वीस पावलं मागे राहा आणि ती जे सांगेल ते ऐका.